मुलगी आणि वासरू: एका उद्यानशिल्पाभोवतीच्या कुंपणाचं प्रकरण

शहर, उद्यान, शिल्पकार आणि या प्रकरणातली माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं गाळली आहेत आणि काही किरकोळ तपशील बदलले आहेत. मोजमापं आणि निर्णयांचा क्रम मात्र जसाच्या तसा आहे. धातुशिल्पांच्या जतनाची सल्लागार म्हणून मी या कामात मध्यावर आले. त्याआधीचं सगळं उद्यान विभागाच्या फायली आणि तिथल्या लोकांशी झालेलं बोलणं यांवरून लिहिलं आहे.

पार्श्वभूमी

उद्यानातल्या मोठ्या हिरवळीच्या कडेला सुमारे ४० वर्षांपूर्वी हे ब्राँझचं शिल्प बसवलं गेलं. सात-आठ वर्षांची एक मुलगी दगडावर बसली आहे. तिचा डावा हात शेजारी उभ्या असलेल्या वासराच्या मानेभोवती आहे आणि वासरू मान खाली घालून तिचा उजवा तळहात हुंगतं आहे. तळहात रिकामा आहे. शिल्पकाराने तो मुद्दाम रिकामा ठेवला असावा, कारण येणारी-जाणारी मुलं त्यात पानं, फुलं, खडे ठेवतात आणि वासराला भरवतात. शिल्प पाहायला आलेलं मूल दोन मिनिटांत त्या खेळात सामील होतं. सार्वजनिक शिल्पाला याहून मोठं यश मिळत असेल असं मला वाटत नाही.

आकृत्या खऱ्या मुलाच्या आणि खऱ्या वासराच्या मापाच्या आहेत. वासराची पाठ ब्राँझच्या तळापासून ८०० मिमी उंच. हे सगळं ४५० मिमी उंचीच्या दगडी चौथऱ्यावर, आणि चौथऱ्याभोवती फरसबंदी. चौथरा शिल्पकारानेच आखला होता, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

इतक्या वर्षांत हातांनी या शिल्पावर आपली खूण ठेवली होती. वासराचं नाकाड, डावा कान, पाठीचा मधला भाग आणि मुलीचा उजवा गुडघा सोन्यासारखे लखलखत होते. बाकी अंग गडद तपकिरी. सतत हात लागला की ब्राँझवरचा रंगीत थर, म्हणजे पाटिना, निघून जातो आणि खालचा धातू उघडा पडतो. हे जगभर घडतं. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये १९२५ साली उभारलेला बाल्टो नावाचा स्लेजकुत्रा मुलांच्या बसण्याने असाच चकाकतो. व्हॅटिकनमधल्या सेंट पीटरच्या ब्राँझ पुतळ्याचा उजवा पाय तर भाविकांच्या स्पर्शाने इतका झिजला आहे की बोटं वेगळी ओळखू येत नाहीत. पण तिथे शतकं गेली आहेत. उद्यानातलं शिल्प हातांनी झिजायचं तर ते असं सावकाश झिजतं.

समस्या

एका सुट्टीच्या दिवशी सात वर्षांचा एक मुलगा वासराच्या पाठीवरून खाली फरशीवर पडला आणि त्याचं मनगट मोडलं. हाड नीट जुळलं आणि पालकांनी तक्रार केली ती अगदी संयमाने, पण लेखी केली. दुसऱ्या दिवशी उद्यान अधीक्षक पाहणीला गेले, तेव्हा वासराचा उजवा मागचा पाय खुरापासून वर जवळजवळ ११ सेंमी उभा तडकलेला दिसला. पाठीला हाताने जोर दिला की शिल्प किंचित डुलत होतं.

या दोन गोष्टी लागोपाठ समोर आल्या आणि त्यांची गाठ मारली गेली: मुलं चढतात म्हणून पाय तडकला, पाय तडकला म्हणून शिल्प धोक्याचं झालं, तेव्हा मुलांना अडवायला हवं. फायलीत हे वाक्य जवळजवळ याच शब्दांत आहे. त्याला कोणी हरकत घेतली नाही, कारण ते सहज पटण्यासारखं होतं. दोनच दिवसांत शिल्पाभोवती लोखंडी पत्र्यांचं तात्पुरतं कुंपण उभं राहिलं.

पहिला निर्णय: कुंपण

कुंपण घालणं बरोबर होतं. डुलणाऱ्या, तडकलेल्या धातूशी मुलांना खेळू देणं कोणालाही परवडलं नसतं. चुकलं ते पुढे. आदेशात मुदत लिहिली नव्हती आणि कुंपण कोणत्या अटीवर निघेल हेही लिहिलं नव्हतं. ‘पुढील आदेश होईपर्यंत’ एवढंच. पुढचा आदेश काढणं हे कोणाचंच काम नसल्यामुळे दीड वर्ष कुंपण तसंच राहिलं.

त्या दीड वर्षात मोठी मुलं पत्र्यावरून आत उड्या मारू लागली. पत्र्याची वरची कड धारदार होती आणि शिल्पाच्या पाठीपेक्षा उंचही. अपघात टाळण्यासाठी घातलेलं कुंपण मूळ शिल्पाहून जास्त धोक्याचं झालं होतं आणि माळ्यांनी ते दोनदा तोंडी कळवलंही होतं. लहान मुलं फटीतून डोकावून निघून जायची. वासराच्या नाकाडावरची चकाकी मावळून तिथे मळकट तपकिरी थर चढला.

मग कायमच्या कुंपणासाठी दरपत्रकं मागवली गेली. पाय का तडकला हे तपासण्यासाठी एकही मागवलं गेलं नव्हतं.

दुसरा निर्णय: आत पाहणं

या प्रकरणाला वळण मिळालं ते एका जुन्या माळीकाकांमुळे. कायमच्या कुंपणासाठी जागेची आखणी चालू असताना त्यांनी कनिष्ठ अभियंत्याला चौथऱ्यावरचा एक ओघळ दाखवला. वासराच्या मागच्या उजव्या खुराखालून निघालेला, तांबूस-तपकिरी. ‘दर पावसात येतो हा. मुलं असोत-नसोत,’ ते म्हणाले. कुंपण घातल्यावर पाठीवर बसणं जवळजवळ थांबलं होतं, तरी ओघळ थांबला नव्हता.

अभियंत्याने त्याचा फोटो काढून सल्ल्यासाठी पाठवला, तिथून मी या कामात आले. त्या फोटोत उत्तर जवळजवळ होतंच. ब्राँझमध्ये मुख्य धातू तांबं. त्यावरून वाहणारं पाणी दगडावर हिरवट-निळसर डाग पाडतं. तांबूस-तपकिरी डाग लोखंडाचा असतो. बाहेर कुठेही लोखंड दिसत नव्हतं, म्हणजे ते आत होतं.

ब्राँझची मोठी शिल्पं भरीव नसतात. मेणाच्या साच्यावरून ओतलेलं असं शिल्प साधारण ५ मिमी जाडीचं कवच असतं. ओतताना आत माती-प्लास्टरचा गाभा असतो, तो नंतर खरवडून काढायचा. पायासारख्या अरुंद जागी तो बहुधा थोडा राहून जातो आणि स्पंजासारखा ओल धरतो. पातळ पायांना आधार म्हणून आत सळया ठेवलेल्या असतात. त्या काळी कित्येकदा साध्या लोखंडाच्याच. ब्राँझ आणि लोखंड ओल्या जागी एकमेकांना चिकटून असले की लोखंड भराभर गंजतं, आणि गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो. आतून फुगणारी सळई बाहेरचं कवच फोडते.

या शिल्पाबद्दल निर्णय घेणाऱ्या समितीपुढे मी एकच मागणी ठेवली: कायमच्या कुंपणाचा निर्णय पुढे ढकला आणि शिल्पाच्या आत पाहू द्या. दोन सदस्यांचा विरोध होता. चांगल्या शिल्पाला भोक कशाला, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. शेवटी जागा ठरली वासराच्या पोटाखाली, जिथे नंतर सांधा दिसणार नाही.

भोक पडताच पाणी आलं. आधी धार, मग बराच वेळ थेंब थेंब. बादली भरत आली. पाणी गढूळ, गंजाच्या रंगाचं आणि कुबट वासाचं होतं. कॅमेरा बसवलेली बारीक नळी आत सोडल्यावर मागच्या उजव्या पायातली सळई दिसली. तिचे पापुद्रे सुटले होते आणि ती पायाच्या पोकळीत घट्ट दाटून बसली होती. तडा आतून बाहेर गेला होता.

पाणी आत का साचलं याचंही कारण सापडलं. शिल्पाच्या तळाला निचऱ्यासाठी दोन छिद्रं होती. काही वर्षांपूर्वी चौथऱ्याची डागडुजी करताना ती सिमेंटने बुजवली गेली. गवंड्याला ती दगडातली भगदाडं वाटली असणार, कारण ती कशासाठी आहेत हे त्याला सांगणारा एकही कागद नव्हता.

म्हणजे शिल्प मुलांच्या वजनाने मोडलं नव्हतं. कोंडलेल्या पाण्याने ते आतून पोखरलं होतं, आणि चढणाऱ्या मुलांना त्याचा धोका होता. कार्यकारण उलटं निघाल्यावर समितीतलं बोलणंही बदललं.

पाहणी: मुलं नेमकं काय करतात?

यानंतर समितीने जे केलं ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. धोका नेमका कुठे आहे हे ठरवण्यासाठी, अंगाला भक्कम तात्पुरता टेकू देऊन, देखरेखीखाली ठरावीक वेळी कुंपण उघडण्यात आलं आणि दोन सदस्य काही दुपारी बाकावर बसून फक्त नोंदी करत राहिले.

बहुतेक मुलं चढतच नव्हती. लहानगी आधी नाकाडाला हात लावत, मग तळहातात काहीतरी ठेवत, मग मुलीच्या तोंडाकडे बघत. चढणाऱ्यांची वाट ठरलेली होती: चौथरा, मुलीचा गुडघा, तिथून पाठ. गुडघा का चकाकत होता ते तेव्हा कळलं. काही मुलं मुलीच्या हाताखालच्या पोकळीशी डोकं नेऊन पलीकडे बघत. आणि सगळ्यात जास्त वजन मुलांचं नव्हतंच. फोटोसाठी मोठी माणसं वासरावर बसत होती, कधी दोघं एकदम.

त्याच सुमारास दृष्टिहीन मुलांच्या एका शाळेतल्या शिक्षिकेचं पत्र आलं. दर वर्षी त्या मुलांना या शिल्पापाशी आणत. वासराच्या कानाच्या मागची घडी, मुलीच्या वेणीचे पेड, बोटांमधली जागा मुलं हाताने वाचत. कुंपण लागल्यापासून सहल बंद झाली होती. संग्रहालयात हात लावू देत नाहीत, एवढं लिहून त्यांनी विचारलं होतं, शिल्प परत कधी भेटेल? पत्रात तक्रारीचा सूर नव्हता. समितीच्या पुढच्या बैठकीत ते मोठ्याने वाचलं गेलं आणि त्यानंतर ‘स्पर्श बंद’ हा पर्याय कोणी जोर लावून मांडला नाही.

विचारात घेतलेले पर्याय

कायमचं कुंपण सगळ्यात स्वस्त होतं आणि जबाबदारीच्या दृष्टीने सोपं. विधी सल्लागारांचा कल तिकडेच होता. पण कुंपण चढून जाता येतं हे दीड वर्षात दिसलं होतं आणि आतल्या गंजावर कुंपणाचा काहीच परिणाम होणार नव्हता.

मूळ शिल्प आत हलवून बाहेर प्रतिकृती ठेवणं हा प्रतिष्ठेचा पर्याय. त्याला चांगले दाखले आहेत. डॉल्फिनला कवटाळणाऱ्या बालकाचं, इटालियन शिल्पकार व्हेरोक्कियोचं १५व्या शतकातलं ब्राँझ फ्लॉरेन्सच्या पालाझो व्हेक्कियो या जुन्या राजवाड्यात आत जपलेलं आहे आणि अंगणातल्या कारंज्यावर प्रतिकृती आहे. त्याच शहरातलं पिएत्रो ताक्काचं रानडुक्कर बाजारात प्रतिकृतीच्या रूपात उभं आहे आणि लोक तिचंही नाकाड घासून चकाकवतात. पण ती शतकांपूर्वीची, एकमेव कामं. इथलं शिल्प मुलांच्या उंचीला, मुलांच्या हातांसाठी घडवलेलं. ते काचेमागे ठेवायचं आणि फायबरग्लासचं वासरू बाहेर उभं करायचं, तर जपलं काय? माझं मत मी समितीत स्पष्ट सांगितलं: हा पर्याय शिल्पाच्या धातूला वाचवतो आणि शिल्पाला संपवतो.

दुरुस्त करून ‘चढू नये’ अशी पाटी लावणं हा मधला मार्ग फार काळ चर्चेत नव्हता. ज्या वयाची मुलं तिथे येतात त्यातल्या निम्म्यांना वाचता येत नाही.

उरला तो चौथा: आतून पक्की दुरुस्ती, भोवतालच्या जमिनीत बदल, आणि स्पर्श खुला. त्यासाठी दोन मापं अडचणीची होती. खेळाच्या साधनांसाठीचं युरोपीय मानक ईएन ११७६ शिल्पांना बंधनकारक नाही, पण मुलं चढणार असतील तर त्याची कसोटी लावून पाहणं शहाणपणाचं. त्यानुसार जमिनीपासून ६०० मिमीहून उंच असलेल्या बंदिस्त पोकळीतून मुलाचं अंग जात असेल पण डोकं जात नसेल, तर ती धोक्याची. साधारण ८९ मिमीपेक्षा मोठी आणि २३० मिमीपेक्षा लहान पोकळी या संशयित मापात येते. मुलीचा हात आणि वासराची मान यांमधली पोकळी १२० मिमी रुंद, १९० मिमी उंच होती. नेमकी त्या मापातली. तिची खालची कड ब्राँझच्या तळापासून ५८० मिमीवर, म्हणजे चौथरा धरून १०३० मिमीवर. दुसरं माप पडण्याच्या उंचीचं. चौथऱ्यासकट पाठ १२५० मिमी उंच. मानकात १ मीटरपर्यंतच्या उंचीला चांगली हिरवळ चालते. त्यापुढे आघात झेलणारी जमीन लागते. इथे तर दगडी फरशी होती.

कोणीतरी पोकळीत ब्राँझची पट्टी बसवण्याचं सुचवलं. ते मात्र शिल्पाला हात घालणं झालं असतं. मुलीच्या कोपराखालून दिसणारा प्रकाश हा त्या रचनेचा प्राण आहे.

अभियंत्याने कागदावर चौथरा खोडला. पाठ ८०० मिमीवर आली, पोकळीची कड ५८० मिमीवर. दोन्ही अडचणी एका फटक्यात सुटल्या, आणि तिसरी उभी राहिली.

तिसरा निर्णय: चौथरा कोणाचा?

शिल्पकार हयात नव्हते. हक्क त्यांच्या मुलीकडे होते. शिल्पाची मालकी उद्यानाची असली तरी बर्न करारातल्या, म्हणजे कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या, ६ बिस कलमानुसार आपल्या कलाकृतीची प्रतिष्ठेला बाधेल अशी मोडतोड रोखण्याचा हक्क कलावंताकडे राहतो, आणि बहुतेक देशांत तो मृत्यूनंतरही काही काळ वारस बजावू शकतात. चौथरा शिल्पकाराच्या मूळ रेखाटनात होता. तो काढणं ही मोडतोड ठरू शकत होती.

शिल्पकारांच्या मुलीला, म्हणजे ताईंना, पहिलं पत्र गेलं ते कार्यालयीन साच्यातलं: ‘सुरक्षेच्या कारणास्तव चौथरा हटविण्यात येत असून आपली ना-हरकत कळवावी.’ उत्तर तितक्याच कोरड्या शब्दांत, नकाराचं आलं. मग अधीक्षक आणि अभियंता त्यांच्या घरी गेले. बादलीतल्या पाण्याचे आणि सळईचे फोटो, मापांचा कागद आणि शिक्षिकेचं पत्र सोबत होतं. ताईंनी पत्र दोनदा वाचलं. ‘बाबांना चौथरा हवा होता तो वासरू हिरवळीच्या वर दिसावं म्हणून,’ त्या म्हणाल्या. त्यांची हरकत दगड टाकून देण्याला होती. तोडगा त्यांनीच सुचवला: चौथऱ्याचे दगड शिल्पाभोवती बसक्या कठड्यासारखे मांडा, म्हणजे तोच दगड राहील आणि आई-बापांना बसायलाही होईल. रबरी फरशीला मात्र त्यांनी साफ नकार दिला. लेखी करार झाला.

तीच मंडळी, तोच प्रश्न. फरक पडला तो निर्णय आधी कळवला की आधी विचारलं यामुळे.

केलेली कामं

काम सुरू करण्याआधी शिल्पाचं त्रिमितीय स्कॅनिंग झालं, म्हणजे पुढे झीज अंदाजाने न सांगता मोजता येईल. क्ष-किरण तपासणीने मिश्रधातूही पाहिला. हे आवश्यक होतं, कारण ओतकामात सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका मिश्रधातूत ८५ टक्के तांब्यासोबत कथील, जस्त आणि शिसं प्रत्येकी ५ टक्के असतं. लहान मुलं हात लावून तोच हात तोंडात घालतात. शिसं निघालं असतं तर खुल्या स्पर्शाचा विचारच नव्याने करावा लागला असता. निघालं सिलिकॉन ब्राँझ: सुमारे ९५ टक्के तांबं, ४ टक्के सिलिकॉन, थोडं मँगनीज. शिसं नगण्य.

कार्यशाळेत पोटाखाली झडप कापून सगळा उरलेला गाभा आणि गंजलेल्या सळया काढल्या. चारही पायांत स्टेनलेस स्टीलची चौकट बसवली. ती ब्राँझला थेट टेकू नये म्हणून मध्ये नायलॉनच्या चकत्या घातल्या. भार धरताना अभियंत्याने पाठीवर एकदम बसलेली दोन मोठी माणसं गृहीत धरली. बाकावरच्या नोंदी इथे कामी आल्या. तडा त्याच जातीच्या ब्राँझने वेल्डिंग करून भरला आणि कारागिराने त्यावर केसांचे बारीक ओरखडे पुन्हा कोरले. निचऱ्याची छिद्रं मोठी केली आणि तळाच्या कडेने दिसतील अशी ठेवली. चौकट जमिनीखालच्या काँक्रीटला आतून जखडली, कारण चौथरा गेल्यावर शिल्प उचलून नेणं सोपं व्हायला नको. २००५ साली ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूर यांचं २ टनांहून जड ब्राँझ इंग्लंडमधून चोरीला गेलं आणि ते भंगारात वितळवलं गेलं असावं असं पोलिसांचं मत होतं. वजन म्हणजे सुरक्षा नव्हे.

रंगाचा प्रश्न निघाला तेव्हा कार्यशाळेने सगळं शिल्प एकसारखं गडद करून देण्याची तयारी दाखवली. समितीने तडजोड न करता नाही म्हटलं. नाकाड, कान, पाठ, गुडघा यांना नवा रंग दिला नाही. फक्त वेल्ड केलेला पाय भोवतालच्या रंगाशी जुळवून घेतला. एडिंबरामधल्या ग्रेफ्रायर्स बॉबी या कुत्र्याच्या पुतळ्याचं नाक पुन्हा काळं केलं, तरी पर्यटकांच्या हातांनी ते पुन्हा उघडं पडलं. इथे ती चकाकी ४० वर्षांच्या मुलांची होती. ती पुसण्याचा अधिकार आमच्याकडे आहे असं मला वाटलं नाही. संरक्षक थर म्हणून सगळीकडे गरम धातूवर मेण चढवलं. गंजरोधक रसायनं मुलांचे हात पोचतात तिथे वापरली नाहीत.

पश्चिमेला एक सावलीचं झाड लावलं. गडद ब्राँझ दुपारच्या उन्हात चटका बसण्याइतकं तापतं, आणि हा मुद्दाही माळीकाकांनीच काढला होता.

परिणाम

कुंपण निघालं. पुन्हा खुलं झाल्याच्या पहिल्या आठवड्यात शिक्षिका आपल्या मुलांना घेऊन आल्या.

पुढच्या दोन वर्षांच्या तपासण्यांत चौकट हलली नाही, छिद्रांतून पाणी वाहतं आहे, तांबूस ओघळ पुन्हा आला नाही. किरकोळ खरचटण्यापलीकडे अपघाताची नोंद नाही.

सगळंच जमलं असं नाही. फरशीच्या जागी शिल्पाभोवती लावलेली हिरवळ पहिल्या मोसमातच संपली. इतक्या पायांखाली गवत टिकत नाही, आणि गवत गेल्यावर उरलेली टणक माती पडणाऱ्याला झेलत नाही. दुसऱ्या वर्षी तिथे लाकडाच्या चिप्सचा थर घातला: २०० मिमी आणि पायांनी उडून-सरकून जाणारा धरून वर आणखी १०० मिमी. चौथऱ्याच्या दगडांचा कठडा तो थर अडवायला उपयोगी पडला. पाठीवरचं मेण वर्षभर टिकेल असा अंदाज होता, ते चार महिन्यांत जातं. आता त्या भागाला वर्षातून तीनदा मेण लावतात. झाड अजून लहान आहे, त्यामुळे उन्हाळ्यात दुपारी काही तास शिल्पावर कापडी छत ताणावं लागतं. ताईंना ते छत आवडत नाही आणि झाड वाढेपर्यंत त्यांनी ते चालवून घेतलं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

तात्पुरत्या कुंपणाच्या आदेशातच तपासणीची तारीख आणि जबाबदार अधिकाऱ्याचं पद लिहिलं असतं तर दीड वर्ष वाचलं असतं. त्या मुदतीत आत गंज वाढतच होता.

माळ्यांच्या नोंदींसाठी वही नव्हती. ओघळ त्यांनी कित्येक पावसाळे पाहिला, पत्र्याची धार त्यांनी दोनदा सांगितली, आणि दोन्ही गोष्टी हवेत विरल्या. आता उद्यानातल्या प्रत्येक शिल्पाला एक पान आहे आणि महिन्यातून एकदा माळी त्यावर लिहितो; लिहिता येत नसेल तर फोटो काढतो.

सगळ्यात मोठी उणीव मात्र ४० वर्षांपूर्वीची. शिल्प घेताना त्याच्यासोबत कागद घेतले गेले नाहीत. मिश्रधातू कोणता, आत सळया कुठे आणि कशाच्या, निचरा कुठून, पाटिना कशाने आणला, मेण कधी लावायचं, फेरफार करायचा तर कोणाला विचारायचं: शिल्पकार आणि ओतशाळा दोघेही हाताशी असताना ही माहिती दोन पानांत मावली असती. गवंड्याच्या हातात त्यातलं एक पान असतं, तर छिद्रं बुजलीच नसती. देखभालीचा निधीही त्याच ठरावात मंजूर करायला हवा. उद्घाटनाला पैसे मिळतात. मेणाला नंतर मिळत नाहीत.

मुलांना कोणी विचारलं नाही, हेही नोंदवायला हवं. आम्ही त्यांना पाहिलं, मोजलं, पण बोललो नाही. तळहाताच्या खेळाबद्दल त्यांच्याकडून काही कळलं असतं आणि कदाचित जमिनीची आखणीही वेगळी झाली असती.

एक गोष्ट अजून चालू आहे. पोकळीची कड ५८० मिमीवर आहे आणि मर्यादा ६०० मिमीची. लाकडाचा थर मुलीच्या पायाशी २० मिमीपेक्षा जास्त दबला की हिशोब बिघडतो, आणि सुट्टीच्या दिवसांत तो आठवड्याभरात तेवढा दबतो. म्हणून कठड्याच्या आतल्या बाजूला दगडात एक आडवी खाच मारली आहे. थर खाचेखाली गेला की माळी दाताळ्याने तो पुन्हा सारखा करतात आणि वहीत तारीख टाकतात. सध्या हे काम दर सोमवारी होतं. येत्या सुट्टीत ते दर दोन दिवसांनी करावं लागेल असा प्रस्ताव समितीपुढे आहे.